आवरलेली शेड

शालनबाई भाकरी करायला बसली की खोलीचं दार सताड उघडं ठेवायची. धूर जावा म्हणून नव्हे. धुरासाठी वर कौलांत जागा सोडलेली होती. येणाऱ्या-जाणाऱ्यानं पाहावं म्हणून. पहिली भाकरी तव्यावरून उतरली की ती तिथंच बसून मोडायची, तिखटमिठाशी खायची आणि मग दुसरी थापायला घ्यायची.

“अगं, सगळ्या करून मग बस की जेवायला,” मी एकदा म्हटलं.

“वैनी, लगीन झाल्यापास्नं समद्यांचं झाल्याव जेवत आले,” ती म्हणाली. “गार भाकर कशी लागती ते मला चांगलं ठावं हाय. ऊन भाकर आत्ता खातीय.”

कासारवाडी स्टेशनजवळ रूळ ओलांडून गेलं की तारेच्या कुंपणाआड एक सरकारी डेपो होता. दुसरी मोठी लढाई संपल्यावर उरलेलं सामान तिथं आणून टाकलेलं होतं. तंबू, ताडपत्र्या, मच्छरदाण्या, बूट. दिल्लीच्या एका खात्याकडे त्याचा ताबा होता. कुठं पूर आला, दुष्काळी कामं निघाली, निवडणुका लागल्या की इथून तंबू जायचे आणि काम संपलं की फाटून, चिखलानं भरून परत यायचे. आमचे हे डेपोच्या ऑफिसात क्लार्क. आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं आणि आमच्या परसाला लागून कामगारांच्या खोल्यांची ओळ होती. तिच्यातली टोकाची, पाण्याच्या टाकीजवळची खोली शालनबाईची.

ती मूळची कुरुळीची सून. नवरा विषमज्वरानं गेला तेव्हा पदरात मूल नव्हतं. दीर हिंदुराव आणि जाऊ आक्काबाई यांच्या घरात ती राहिली. त्यांनी तिला छळलं असं मी म्हणणार नाही, तीही कधी म्हणाली नाही. हिंदुराव मुकाट्यानं शेती करणारा माणूस. आक्काबाई तोंडाची फटकळ, पण आजारपणात उशाशी बसणारी. फक्त घर त्यांचं होतं. पीठ किती काढायचं, दिवा कधी मालवायचा, हे आक्काबाई ठरवायची आणि शालनबाई करायची. पहाटेचं दळण, शेण, गोठा, खुरपण, रात्रीची भांडी. त्या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं एक लुगड्याचं गाठोडं होतं, तेही आक्काबाईच्या खोलीत ठेवलेलं.

डेपोचा मुकादम चिमाजी कुरुळीच्या शेजारच्या गावचा. तंबू शिवायला बाया पाहिजेत, असं तो गावात सांगून गेला, आणि शालनबाईनं दिराला विचारलं, “चार म्हैनं जाऊ का?” खुरपणीचे दिवस नव्हते, हिंदुराव हो म्हणाला. चार महिन्यांसाठी आलेली बाई मग परत गेलीच नाही. दिवाळीला जायची, पुतण्यांना कपडे न्यायची, दोन दिवस राबायची आणि परत यायची. आक्काबाई म्हणायची, “आली आमची सरकारी बाई.” त्यात टोमणा होता, थोडा अभिमानही होता.

काम सोपं नव्हतं. भिजून आलेला तंबू उलगडून उन्हात घालायचा, वाळवी लागली का बघायचं, फाटलेल्या जागी ठिगळ लावायचं. कापड इतकं जाड की दाभण नुसत्या बोटांनी आरपार जात नसे. तळहाताला चामड्याचा तुकडा बांधून बाया ते ढकलायच्या. सुतळीला मेण चोळायचं, टाका ओढायचा, पुन्हा ढकलायचं. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये बसवत नसे आणि पावसाळ्यात कुजलेल्या कापडाचा वास अंगाला चिकटून घरी यायचा. शालनबाई त्या बायांची जणू पुढारीण. चिमाजी कागदावर मुकादम होता, पण कुणाला कोणतं काम द्यायचं ते तीच बघायची.

त्या सगळ्या तात्पुरत्या होत्या. ठरावीक महिन्यांनी त्यांना एक दिवस कामावरून काढायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यायचे, म्हणजे नोकरी सलग होत नसे. त्या एका दिवशी शालनबाई खोलीचं दार लावून आत बसायची. खोली नोकरीबरोबर मिळालेली, नोकरी नाही तर खोलीही नाही. “आज मी कुनाचीबी न्हाई,” ती हसत म्हणायची, पण दाराबाहेर यायची नाही. दुसऱ्या दिवशी चिमाजीची हाक आली की मग चूल पेटायची.

म्हणून कायम होणं एवढी एकच गोष्ट ती मागत असे. कायम झालं की खोली तिची. मग जावेच्या घरी पाहुणी म्हणून जायचं, आसऱ्याला नाही.

एका हिवाळ्यात बातमी आली की दिल्लीहून संसदेची समिती येणार. आमच्या ह्यांनी मला जेवताना समजावून सांगितलं. सरकार जो पैसा खर्च करतं तो लोकांचा असतो. एखाद्या खात्यात माणसं किती, त्यांना काम किती, खर्च वाजवी आहे की नाही, हे तपासायला निवडून आलेल्या खासदारांची समिती असते. ती खात्याच्या साहेबांना समोर बसवून प्रश्न विचारते आणि कधी स्वतः जागेवर येऊन बघते.

“मग बरंच आहे की,” मी म्हटलं.

“बरंच आहे,” हे म्हणाले आणि आमटी वाढ म्हणून वाटी पुढं केली. पण त्या रात्री नेहमीसारखे घोरले नाहीत.

खोल्यांच्या ओळीत या बातमीचं भलतंच काही झालं. शालनबाईच्या शेजारच्या खोलीत रुक्मिणी राहायची. तीही शेडमध्येच कामाला, नवरा दम्यानं बसून असलेला, जिभेला हाड नसलेली बाई. नळावर तीच म्हणाली, “दिल्लीवाले येनार म्हंजे कायम करायलाच येत असत्याल. न्हाईतर येवढ्या लांब कोन कशाला तडफडंल?”

“काडायला बी येत असत्याल,” कुणीतरी म्हणालं.

“काडायला कागुद पुरतो. मानूस यायला लागत न्हाई,” रुक्मिणी म्हणाली. सगळ्यांना ते पटलं. मग शालनबाईकडे वळून ती म्हणाली, “तू पुढारीन. तू आदी कायम हुशील. मंग आमाला वळख दे म्हंजे झालं.”

“वळख कशाला, चा पाजीन,” शालनबाई म्हणाली. “माज्या सोताच्या खोलीत.”

समिती येण्याच्या आधी डेपोत धांदल उडाली. फाटकाला रंग लागला. आमच्या ह्यांनी आणि ऑफिसातल्या इतरांनी टेबलांवर फायलींचे ढीग रचले. त्यांत जुन्या, कधीच बंद झालेल्या फायलीही होत्या. फाटकावर दोन पहारेकरी असत आणि दिवसात एखादी गाडी आत येई. त्यांना त्या दिवशी नोंदवहीत सारखं काहीतरी लिहीत राहायला सांगितलं. साहेबांच्या बंगल्यावरच्या माळ्यांच्या हातांत गोदामातल्या वस्तू मोजायला दिल्या. समितीसमोर काम दिसलं पाहिजे, हे खुर्चीवर बसणाऱ्या सगळ्यांना न सांगता कळलं होतं.

चिमाजीनं शेडमध्येही येऊन सांगितलं. मी तेव्हा तिथंच होते. आमची एक सतरंजी उसवली होती, ती मी शालनबाईकडे शिवायला घेऊन गेले होते.

“बायांनो, त्या दिशी काम मांडून बसायचं,” तो म्हणाला. “गोदामातनं अजून धा-वीस फाटके तंबू काडून देतो. चांगला ढीग दिसू द्या.”

शालनबाईनं दाभण खाली ठेवलं. “पावनं यायच्या वक्ताला पसारा मांडायचा?”

“पावनं न्हाईत ती, समिती हाय.”

“दिल्लीस्नं आल्याली मानसं पावनं न्हाईत तर कोन? मुकादम, तुमच्या घरी सोयरीक जुळवायला मानसं येत्यात तवा तुमच्या कारभारीनबाई धुन्याचं बोचकं मदी मांडून बसत्यात का वो?”

बाया खळखळून हसल्या. चिमाजी चिडला. “हितं माजी सोयरीक जुळायची हाय व्हय? मी सांगतो ते ऐका.”

“तुमी सांगा, आमी ऐकतो. पर शेड आमची हाय. दिल्लीच्या मानसांनी म्हनावं, ह्या बाया हितं घानीत बसत्यात? आमच्या तोंडाला काळं न्हाई का लागनार?”

नंतरचा आठवडाभर शेडमध्ये जे झालं ते मी पाहिलं आहे. उजाडल्यापासून दिवस बुडेपर्यंत बाया टाके घालत होत्या. एरवी महिनाभर पुरलं असतं ते काम त्यांनी संपवलं. तंबू घडी घालून, दोऱ्या गुंडाळून, भिंतीला लावून सारख्या थप्प्या रचल्या. जमीन सारवली. दाभणं, कात्र्या, मेणाचे गोळे एका डब्यात घालून डबा थप्प्यांच्या मागे ठेवला. शेडच्या दाराशी सावित्री नावाच्या सोलापूरकडच्या मुलीनं रांगोळी काढली. शालनबाई विधवा, ती रांगोळीला हात लावत नसे, पण ठिपके कुठं द्यायचे ते लांबून सांगत होती.

डेपोच्या साहेबांनी आदल्या दिवशी फेरी मारली. शेड बघून ते खूश झाले. “असं पाहिजे! बघा चिमाजी, बायकांकडून शिका,” म्हणाले. चिमाजी माझ्याकडे बघून नुसता मान हलवत राहिला.

समिती दुपारी आली. मोटारींतून आठ-दहा माणसं उतरली, गांधी टोप्या, बंद गळ्याचे कोट. त्यांच्यात एक बाई होत्या. पांढरं खादीचं पातळ, पायांत साध्या वहाणा, चेहरा दमलेला आणि प्रेमळ. वऱ्हाडाकडच्या असाव्यात, मराठी बोलत होत्या. पुरुष मंडळी साहेबांबरोबर गोदामांकडे गेली आणि बाई म्हणाल्या, “मी बायकांशी बोलते.”

क्वार्टरमधल्या आम्ही दोघी-तिघी शेडच्या बाहेर उभ्या राहून बघत होतो. आत सगळ्या बाया धुतलेली लुगडी नेसून, हात मांडीवर ठेवून, थप्प्यांच्या पुढे एका ओळीत बसल्या होत्या. पाहुण्यांसाठी घोंगडं अंथरलं होतं. त्यावर पितळेचा तांब्या, पेला आणि ताटलीत गुळाचे खडे.

त्या बाई खाली घोंगड्यावर बसल्या. शालनबाईच्या तोंडावर आनंद मावेना. एवढी मोठी बाई आपल्यासारखी मांडी घालून बसली! तिनं गूळ पुढं केला. बाईंनी खडा तोंडात टाकला, वर पाणी प्यायल्या.

“काम फार पडतं का हो तुम्हाला?” त्यांनी विचारलं. अगदी मनापासून.

“छ्या! कसलं काम, ताई!” शालनबाई म्हणाली. “बसूनच तर असतो दिसभर. चार टाकं घालायचं न् गप्पा हानायच्या.”

“दिवसाला किती तंबू होतात?”

“व्हत्यात की हुतील तसं. कुनाची घाई न्हाई.”

“आणि काही त्रास? हात दुखतात, उन्हाचं…”

“तरास कशाचा? सावलीत तर हाय. तुमीच उनातनं आलाय, दमला असाल. आजून पानी घ्या.”

बाई थप्प्यांकडे बघत होत्या. सारवलेल्या जमिनीकडे, मोकळ्या हातांकडे. मग त्यांनी आणखी एक विचारलं. “तुम्ही इतक्या जणी इथं आहात. कमी असतात तर चाललं असतं का?”

“चाललं असतं की!” शालनबाई हसून म्हणाली. “आमच्यावाचून सरकारचं काय आडतंय?”

सगळ्या बाया हसल्या. रुक्मिणीही हसली. त्या बाईही हसल्या. त्यांच्याबरोबर थांबलेल्या समितीच्या कारकुनानं वहीत काहीतरी लिहून घेतलं.

सुनेला हे शिकवावं लागत नाही. माहेरचं माणूस सासरी आलं आणि त्यानं विचारलं, “काम फार पडतं का गं?” तर हाडांची काडं झालेली असली तरी म्हणायचं, “कसलं काम, बसूनच असते.” कामाचं रडगाणं पाहुण्यापुढं गायलं तर सासरची अब्रू जाते. आणि पाहुण्यालाही हे माहीत असतं. सून असं म्हणाली की तो तिच्या हातांकडे बघतो आणि काय ते समजून घेतो. शालनबाई कुरुळीच्या ओट्यावर वर्षानुवर्षं हेच बोलत आली होती. त्या बाईंनाही एखादं सासर असेलच. पण त्या दिवशी त्या पाहुण्या म्हणून आल्या नव्हत्या. लोकांच्या पैशाचा जाब घ्यायला आल्या होत्या आणि समोरचं माणूस जे बोलतं ते खरं धरणं हे त्यांचं काम होतं. मी पुष्कळदा विचार केला आहे, त्यांचं काय चुकलं म्हणून. मला काही सापडत नाही.

संध्याकाळी शालनबाई आमच्या परसात आली. “वैनी, पानी प्यायली बाई! नुसतं तोंडाला लावलं न्हाई, समदा पेला पिली. जाताना माज्या खांद्यावर हात ठिवला. म्हनली, तुमच्यासारख्या बाया सगळीकडं असत्या तर. आता कायम झाल्याबिगर ऱ्हात न्हाई.”

ह्यांनी आतून ऐकलं. बाहेर येऊन विचारलं, “तुम्ही त्यांना काय काय सांगितलंत?” तिनं सगळं सांगितलं, अभिमानानं. हे वळले. आत जाऊन खुर्चीवर बसले.

दुसऱ्या उन्हाळ्यात हुकूम आला. तंबू दुरुस्तीसाठी डेपोत बाया ठेवायची गरज नाही. दुरुस्ती निघेल तेव्हा ठेकेदाराकडून करून घ्यावी. ऑफिस होतं तसंच राहिलं. पहारेकरी राहिले. माळी राहिले, त्यांना गोदामातले मदतनीस असं नवं नाव मिळालं. समितीला डेपोत जादा माणसं आहेत असं वाटलं होतं, ते खोटं नव्हतं. ती कुठं आहेत एवढंच बरोबर दिसलं नाही.

शालनबाईला आधी वाटलं, सगळ्यांचं झालं तसं आपलं झालं. पण ऑफिसातल्या शिपायानं दोन दिवसांत ओळीत येऊन सांगितलं, की समितीनं दिल्लीला जे लिहिलं त्यात असंही आहे, की कामगार बायकांनी स्वतःच काम नसल्याचं सांगितलं.

नळावर तेव्हा दोन-तीन बादल्या रांगेत होत्या. रुक्मिणीनं आपली बादली बाजूला ठेवली.

“बसून असतो म्हनलीस न्हवं?” ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, म्हणून जास्त वाईट वाटत होतं. “माजी बोटं बग. ही बसून झाली व्हय अशी?”

“मंग काय सांगायचं हुतं पावन्यापुढं?” शालनबाई म्हणाली. “रडायचं हुतं?”

“रडायचं हुतंस! समद्या जल्मात एक डाव रडायचं हुतं, तेबी जमलं न्हाई व्हय तुला? माजा न्हवरा हातरुनाव हाय. मी त्येला काय सांगू? शालनबाईनं आब राखली, आता उपाशी ऱ्हावा?”

“तूबी हासलीस की तवा.”

“हासले,” रुक्मिणी म्हणाली. “माज्या थोबाडीत मार.”

शालनबाईनं आपली भरलेली बादली तिच्या बादलीत ओतली आणि रिकामी घेऊन खोलीत गेली. त्यानंतर रुक्मिणी तिच्याशी बोलली नाही. बाकीच्या बायाही नाहीत. सावित्री तेवढी जाताना पाया पडली.

मग शालनबाई साहेबांना भेटायला गेली. हे त्या खोलीत होते म्हणून मला कळलं. ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, “साहेब, मी बोलले ते तसं न्हवतं. त्या ताईंना कळवा.”

साहेब वाईट नव्हते. त्यांनी तिला आत बोलावलं. “म्हणजे तुम्ही समितीसमोर खोटं बोललात?”

“खोटं न्हाई. रीत हाय ती.”

साहेब दूरच्या मुलखातले, त्यांना काही उमगेना. ह्यांनी मधे पडून समजावायचा प्रयत्न केला. साहेब हसले, मग त्यांनाच त्या हसण्याची लाज वाटली असावी. वही ओढून म्हणाले, “बरं. आता खरं काय ते सांगा. कळवून उपयोग होईल असं नाही, पण मी लिहून घेतो. तुम्हाला किती काम असायचं?”

शालनबाई म्हणाली, “लई हुतं.”

“लई म्हणजे?”

साहेब लेखणी धरून थांबले. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “पावसाळ्यात जास्त,” म्हणाली. पुन्हा टोक गुंडाळलं. ह्यांना वाटत होतं, दाभणाचं सांग, उन्हात तापलेल्या पत्र्याचं सांग, तापात फणफणून कामाला आलीस ते सांग. आम्हाला सगळं ठाऊक होतं, तिच्याकडून कधी ऐकलेलं नव्हतं तरी. पण आपण किती राबलो हे आपल्याच तोंडानं सांगायचं, हे त्या बाईनं जन्मात कधी केलं नव्हतं. तिला ते येईना.

“आणखी काही?” साहेबांनी विचारलं.

“न्हाई,” ती म्हणाली आणि नमस्कार करून बाहेर आली.

तिला न्यायला हिंदुराव बैलगाडी घेऊन आला. बरोबर आक्काबाईही आली होती. मला वाटलं होतं, आता ही चार शब्द ऐकवणार. पण आक्काबाईनं एक शब्द वाकडा काढला नाही. आल्या आल्या पदर खोचून सामान बांधायला लागली. सामान ते काय? दोन पातेली, तवा, परात, पितळेचा तांब्या, एक घोंगडं.

“आपलं घर हाय की गं,” आक्काबाई म्हणाली. “तुला काय कुनी उगड्याव टाकतंय? पोरं वाट बगत्यात.”

शालनबाई नुसती मान हलवत होती. आक्काबाईनं तवा हातात घेतला. “दोन तवं कशाला लागत्यात येका घरात? ह्यो कुनाला तरी देऊन टाकू या का?” तिनं अगदी साधेपणानं विचारलं. शालनबाई म्हणाली, “तुमाला वाटंल तसं, जाऊबाई.” तो तवा आक्काबाईनं रुक्मिणीच्या दाराशी नेऊन ठेवला. रुक्मिणीनं दार उघडलं नाही. संध्याकाळी बघितलं तेव्हा तवा तिथं नव्हता.

चिमाजीला खोली ताब्यात घ्यायची होती. तो कुलूप घेऊन उभा होता आणि शालनबाई आत जमीन सारवत होती.

“आता कशाला, बाई?” तो म्हणाला. “हितं कोन ऱ्हायला येनार न्हाई. ही खोल्यांची वळच पाडायची हाय.”

“झालंच हाय,” ती म्हणाली आणि कोपऱ्यापर्यंत सारवून बाहेर आली. ओलं होतं म्हणून चिमाजीनं आत पाऊल न टाकता दार ओढून घेतलं.

पुढं आम्ही बरीच वर्षं तिथंच होतो. पिंपरीला औषधांचा कारखाना सुरू झाला, आसपास शेतांत खुणेचे दगड दिसायला लागले. ठेकेदाराची माणसं अधूनमधून येऊन तंबू शिवून जायची. आमचे हे हेडक्लार्क झाले.

एकदा वर्षाचे कांदे घ्यायला आम्ही चाकणच्या बाजाराला गेलो होतो. तिथं आक्काबाई दिसली. मी शालनबाईची चौकशी केली तर ती मला बाजूला घेऊन गेली.

“बरी हाय म्हनायची,” ती म्हणाली. “कामाला वाघीन हाय, तुमाला ठावं हाय. पर येक खूळ लागलंय. दारात पावना आला का उठून गोठ्यात जाती. मानूस जाईस्तवर भाईर येत न्हाई. आवो, तिच्या सख्ख्या भावाला न्हाई भेटली! चा करून देती मागल्या दारानं, पर म्होरं येत न्हाई. लोक मला इचारत्यात, जावंला कोंडून ठिवलीय का काय? आता मी काय सांगू? पयली हीच पावन्याला हात धरून बशिवनारी.”

परतताना मी ह्यांना कांद्याच्या पोत्यांबरोबर पुढं पाठवलं आणि आक्काबाईबरोबर कुरुळीला उतरले. ओट्यावर बसले. आक्काबाईनं आत हाक मारली, “आगं, बग तरी कोन आलंय! कासारवाडीच्या वैनी!” आत भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग मागचं दार वाजलं.

मला राहवलं नाही. घराला वळसा घालून मी गोठ्याकडे गेले. ती म्हशीच्या पलीकडे, माझ्याकडे पाठ करून उभी होती. केस पिकले होते. खांद्याची हाडं चोळीतून दिसत होती.

“शालनबाई,” मी म्हटलं.

ती वळली नाही. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “वैनी, तुमी मला काय इचारू नका. मी काय सांगीन त्येचा भरोसा न्हाई.”

मी तिथंच गव्हाणीच्या कडेवर टेकले. थोड्या वेळानं ती शेण भरायला लागली. पाटी भरली की बाहेर टाकून यायची, पुन्हा भरायची. मी बघत बसले. शेवटची एस.टी. चुकेल म्हणून आक्काबाईनं मला हाक मारली, तेव्हा उठले.